जुनी फोर बाय फोर घेताना: आधी गॅरेज, मग इंजिन

"सिंगल ओनर, डॉक्टर वापर, इंजिन अनटच." जुन्या थार, स्कॉर्पिओ, गुरखाच्या जाहिराती वाचायला घेतल्या की हेच शब्द आलटून पालटून भेटतात. पहिल्या दोन गोष्टींचा इंजिनाशी काही संबंध नाही. तिसरी खरी असेल तर काळजीचीच बाब आहे. दोन लाख किलोमीटर चाललेल्या डिझेल इंजिनाला आजवर कुणी हात लावला नसेल, तर तो आता तुम्हालाच लावावा लागणार. जाहिरातीत नसतं ते एवढंच, की हे डिझेल कुठल्या पिढीचं आहे आणि ते उघडून परत नीट बांधणारा माणूस तुमच्या घरापासून किती लांब आहे.

विचारायला येणाऱ्यांना मी उलटा क्रम सांगतो. आधी गॅरेज ठरवा, मग इंजिन, मग गाडी. टायर, कॅरियर, विंचचा बंपर ही हौस त्यानंतरची. नवी गाडी घेताना अश्वशक्तीचे आकडे पाहणं ठीक आहे. जुनी घेताना ती अश्वशक्ती पुढची पाच-सात वर्षं कोण टिकवून ठेवणार, ते पाहायचं.

त्याआधी एक खात्री करून घ्या. समोरची गाडी खरंच फोर बाय फोर आहे ना? प्रश्न बाळबोध वाटेल, पण फसगत इथेच जास्त होते. स्कॉर्पिओ आणि बोलेरो बहुतांश मागच्या चाकांवरच विकल्या गेल्या. २०२३ साली आलेली १.५ लिटर डिझेलची थार दिसायला हुबेहूब थार आहे, पण ती फक्त मागच्या चाकांवर चालते. हॅरिअर आणि २०२१ ची नवी सफारी पुढच्या चाकांवर चालतात. मागे लावलेल्या '४x४' च्या अक्षरांना काही अर्थ नाही, ती बाजारात विकत मिळतात. खाली वाकून पाहा. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस आणि तिथून पुढच्या ॲक्सलकडे जाणारी प्रॉपेलर शाफ्ट दिसली पाहिजे. काही जण ॲव्हरेजच्या नादात, किंवा पुढचा डिफरन्शियल बोंबलला म्हणून, ही शाफ्टच काढून ठेवतात. आतला छोटा लिव्हर मात्र जागच्या जागी असतो.

आता इंजिनांकडे वळू. आपल्या बाजारात जुन्या फोर बाय फोरमध्ये ढोबळमानाने तीन पिढ्यांचं डिझेल मिळतं. पहिलं यांत्रिक पंपाचं, दुसरं कॉमन रेलचं आणि तिसरं बीएस ६ चं, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत गाळणी बसवलेलं.

यांत्रिक पंपाचा नमुना म्हणजे महिंद्राचं डीआय. एमडीआय ३२०० टीसी हे त्याचं पूर्ण नाव, २५२३ सीसी, ६३ अश्वशक्ती आणि साधारण १८२ न्यूटन मीटर टॉर्क. घराणं ट्रॅक्टरचं, आणि वागणंही तसंच. थार डीआयमध्ये हे बसलं. बोलेरो आणि पिकअपमध्ये तर याच कुळातलं इंजिन वर्षानुवर्षं चाललं, त्यामुळे तालुक्याच्या कुठल्याही स्टॅंडमागच्या गॅरेजात याचं काम जाणणारा फिटर सापडतो. पंप-नोझलचं काम करणारी, पाटीवर अजून 'मायको' लिहिलेली दुकानं याच इंजिनांवर जगली. इथे संगणक नाही, सेन्सरचं जाळं नाही. बॅटरी मेली तरी उतारावर ढकलून चालू होतं. धूर काढेल, आवाज करेल, पण घरी आणून सोडेल.

त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. पुणे–बेंगळुरू महामार्गावर डीआय घेऊन निघालात तर ऐंशीच्या पुढे इंजिन ओरडतं, शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर तुम्हीही ओरडता. कात्रज किंवा खंबाटकी चढताना मालट्रकच्या मागे राहण्याची तयारी ठेवा. शेतावर, बागेत, नदीच्या पात्रात, चिखलाच्या चढावर मात्र हेच इंजिन देखणं काम करतं, कारण त्याची सगळी ताकद खालच्या फेऱ्यांतच आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने डीआयला नाक मुरडू नये. दर शनिवारी शहरातून निघून कोकणात उतरणाऱ्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

एक गोष्ट लक्षात ठेवा. थार डीआय बीएस ३ ची होती. मुंबई, पुणे आणि सोलापुरात २०१० पासूनच बीएस ४ लागू झालं, संपूर्ण देशात एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे या गाड्या लहान जिल्ह्यांच्या पासिंगच्याच जास्त मिळतील. मोठ्या शहराच्या पत्त्यावर नावावर करायची असेल, तर आधी आरटीओत विचारून घ्या, बयाणा नंतर.

याच पिढीत एमएम ५४० सारख्या जुन्या जीप येतात, २११२ सीसीचं प्यूजो घराण्याचं इंजिन असलेल्या. इंजिन चिवट आहे, पण इतक्या वर्षांत मूळचं इंजिन मूळच्या जीपमध्ये राहिलंय कुठे? कुणी डीआय टाकलं, कुणी दुसऱ्याच गाडीचं. इंजिन बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला विषय आहे. आरटीओच्या परवानगीने आरसीवर नोंद झाली नसेल, तर पुढच्या पासिंगला गाडी अडते आणि अपघात झाला तर विमाही अडतो. ब्लॉकवरचा नंबर पुसून, खरवडून वाचा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. कुणी 'डिझेल जिप्सी' दाखवली तर तिथूनच नमस्कार करा. मारुतीने जिप्सी कायम पेट्रोलवरच विकली.

दुसरी पिढी कॉमन रेलची. माझ्या मते बहुतेक वाचकांची निवड इथेच संपावी. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आलेली थार सीआरडीई घ्या: २४९८ सीसी, १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन मीटर. डीआयच्या शेजारी उभी केली तर बाहेरून फरक कळणार नाही, घाटात मात्र गाडीच वेगळी. ही थार २०१९ पर्यंत निघाली, म्हणजे दहा-पंधरा वर्षांच्या आतल्या गाड्या अजून बाजारात आहेत. स्कॉर्पिओतलं २.२ लिटरचं एमहॉक याहून गुळगुळीत चालतं. १२० अश्वशक्तीपासून सुरुवात झाली, २०१७ नंतरच्या वरच्या मॉडेलांत १४० मिळते. लांबचा प्रवास आणि पाच-सहा माणसं असतील तर एमहॉक, आणि मुख्य काम दगड-चिखलाचं असेल तर थारचं २.५. मी असं सरळ सांगतो आणि त्यावर वादही ऐकतो.

कॉमन रेल कशाने बिघडतं ते समजलं की कुठली गाडी घ्यायची तेही कळतं. टायरमध्ये आपण साधारण दोन बार हवा भरतो. कॉमन रेलच्या नळीत डिझेल हजार-दीड हजार बार दाबाखाली असतं आणि इंजेक्टरच्या आतले भाग मायक्रॉनच्या मापाने बसवलेले असतात. त्या फटीत पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण गेला की इंजेक्टर झिजू लागतो. डीआयला कॅनमधलं, गोठ्यातल्या ड्रममधलं डिझेल चालून जातं, कॉमन रेलला नाही. म्हणून मागच्या मालकाला ॲव्हरेज विचारण्याऐवजी विचारा: डिझेल फिल्टर किती किलोमीटरला बदलत होता? फिल्टरखालचं पाणी कधी सोडलं होतं? उत्तर देताना तो अडखळला, तर किमतीत चार इंजेक्टरांचे पैसे धरूनच बोला.

इंजेक्टरची परीक्षा मात्र अवघड नाही. डिझेल लॅबमध्ये चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या सोडवून चार पारदर्शक बाटल्यांत लावतात आणि इंजिन काही मिनिटं आयडलला चालवतात. वापरून उरलेलं डिझेल बाटल्यांत चढत जातं. चारही बाटल्यांत पातळी जवळपास सारखी आली तर निश्चिंत व्हा. तीन बाटल्या तळाशी आणि चौथी अर्ध्याच्या वर गेली, तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. कुठलाही फिटर हे काम तासाभरात करून देतो. विक्रेता या तपासणीला तयार होत नसेल, तर कारणं ऐकत बसू नका.

एमहॉकला टायमिंगचा पट्टा नसून चेन आहे. पहिल्या सेल्फला पुढच्या बाजूने खडखड येत असेल आणि दोन-तीन सेकंदांत ती जात नसेल, तर चेन आणि तिचा ताण धरणारा टेन्शनर पाहून घ्या. ते काम पुढे ढकलण्यासारखं नाही. दुसरं, त्यातल्या टर्बोच्या आत हलणारी पाती असतात. शहरात कायम दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळलेल्या गाडीत त्यांवर काजळी बसते आणि पाती अडकतात. महामार्गावर चाललेली दीड लाख किलोमीटरची गाडी म्हणून कधी कधी शहरातल्या साठ हजाराच्या गाडीपेक्षा बरी. कमी रनिंगला भुलू नका. शिवाय मीटर फिरवलेला नाही हे कुणी लिहून देत नाही.

टाटाच्या जुन्या सफारीत २००५ साली ३.० डायकॉर आलं, टाटा ४०७ च्या इंजिनाच्या घराण्यातलं. २००७ मध्ये २.२ डायकॉर आलं, १४० अश्वशक्तीचं, आणि शेवटी स्टॉर्मला व्हेरिकॉर ४०० मिळालं, म्हणजे ४०० न्यूटन मीटर टॉर्क. रस्त्यावर बसायला सफारीसारखी दुसरी गाडी नाही. ३.० ला मी आता लांबूनच हात जोडतो, कारण वय झालंय. २.२ घ्यायचंच असेल तर उशिराची, २०१२ नंतरची स्टॉर्म पाहा. पिंपरी-चिंचवडच्या आसपास राहणाऱ्याला सफारीचे जाणते मेकॅनिक मिळतात. गडचिरोलीत किंवा दोडामार्गात राहत असाल तर आधी तिथल्या गॅरेजवाल्याला विचारा.

गुरखाचं प्रकरण वेगळं. फोर्स मोटर्सने २०१३ साली बाजारात आणलेल्या गुरखात मर्सिडीजच्या ओम ६१६ वरून उतरलेलं २५९६ सीसीचं इंजिन आहे. ताकद ऐंशीच्या आसपास, म्हणजे कागदावर गरीब. पण पुढचा-मागचा असे दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येणारी, कंपनीतूनच स्नॉर्कल घेऊन आलेली दुसरी जुनी डिझेल गाडी या किमतीत दाखवा. याच घराण्याचं इंजिन ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये आहे, आणि वडापच्या ट्रॅक्स दुरुस्त करणारं एक तरी गॅरेज महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्याला असतं. बॉडीचे पार्ट मिळवताना मात्र दमछाक होते. काच किंवा दरवाजाचं हँडल लागलं की आठवडे जातात. २०१८ च्या गुरखा एक्स्ट्रीममध्ये २१४९ सीसीचं, १४० अश्वशक्तीचं इंजिन आलं. ते गोड आहे, पण अशा गाड्या थोड्याच निघाल्या.

फॉर्च्युनर, एंडेव्हर, पजेरो यांच्याबद्दल थोडक्यात. फॉर्च्युनरचं ३.० लिटर इंजिन टिकतं आणि बाजाराला ते माहीत आहे, म्हणून जुन्यातही स्वस्त मिळत नाही. एंडेव्हरचं पाच सिलिंडरचं ३.२ चालवायला फार सुंदर, पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सर्व्हिस चालू असली तरी लांबचा विचार करणाऱ्याने ते ध्यानात ठेवावं. या वर्गातली गाडी निम्म्या किमतीत मिळते, पण तिचे पार्ट निम्म्या किमतीत मिळत नाहीत.

तिसरी पिढी एप्रिल २०२० नंतरची, बीएस ६ ची. ऑक्टोबर २०२० ची थार, १३० अश्वशक्तीचं २.२ एमहॉक, ३०० न्यूटन मीटर. गाडी उत्तम, आता जुन्या बाजारातही मिळू लागली आहे. पण हिच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ आहे. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाळणीला पाचशे-सहाशे अंश तापमान लागतं आणि ते येतं सलग, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवल्यावर. घर ते शेत, शेत ते घर एवढंच चालणाऱ्या गाडीत गाळणी भरत जाते. जाळण्यासाठी जास्तीचं फवारलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरू लागतं. डिपस्टिक ओढून पाहा: ऑईलची पातळी खुणेच्या वर गेलेली आणि बोटाला डिझेलचा वास, म्हणजे ही गाडी छोट्या फेऱ्यांत वाया गेलेली. गाळणी 'काढून टाकलीय, आता प्रॉब्लेमच नाही' असं कौतुकाने सांगणारे भेटतात. तशी गाडी घेऊ नका. शेतावरच्या कामाला बीएस ६ घेऊ नये, असंच मी म्हणेन.

पिढी ठरली, गाडी सापडली. आता ती पाहायला सकाळी जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर कुणीतरी तुमच्यासाठी इंजिन आधीच तापवून ठेवलंय. थंड इंजिनाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात जे कळतं ते नंतरच्या तासाभरात कळत नाही. एका सेल्फला उचललं का? थरथर किती वेळ राहिली? थंडीत जरासा पांढरा धूर येणं ठीक. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, रिंग किंवा टर्बोचं सील. जोरात रेस दिल्यावर क्षणभर काळा धूर यांत्रिक पंपाला शोभतो. कॉमन रेलला तो शोभत नाही.

इंजिन आयडलला असताना ऑईल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवा. किंचित हललं तर चालेल. झाकण उड्या मारू लागलं, तोंडातून फुस् फुस् धूर आला, तर ते बॅक कॉम्प्रेशन. इंजिन बांधायला आलंय. एवढ्या एका तपासणीनंतर व्यवहाराची भाषा बदलते. पाहिजे तर तुम्हीही हे इंजिन बांधून घेऊ शकता, डीआयमध्ये तर ते परवडतंही. मात्र तो खर्च किमतीतून वळता झाला पाहिजे.

मग गाडी घाटात न्या. सपाट रस्त्यावर चांगली वाटणारी गाडी घाटात खरं बोलते. तिसऱ्या गिअरमध्ये लांब चढ चढवा, एसी चालू ठेवून, आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. परत आल्यावर मोकळ्या कच्च्या जागेत फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही लावून पाहा. सैल मातीच्या चढावर मागची चाकं घसरली की पुढची ओढतात का, हे बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने पाहायचं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही चाचणी घेऊ नका, पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हमध्ये वळताना गिअरवर ताण येतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत. पुढे एक आणि मागे दुसरं माप घालून फोर-हायमध्ये फिरवलेल्या गाडीच्या ट्रान्स्फर केसचं काय झालं असेल ते खाली न वाकताच सांगता येतं.

किनाऱ्याकडच्या गाडीत इंजिनाआधी चेसिस ठोकून पाहा. मालवण, गुहागर, श्रीवर्धनची हवा लोखंड खाते आणि ताज्या काळ्या रंगाखाली ते लपवता येतं. पुराचा प्रश्नही आहेच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्यात गेलं, आणि त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या सगळ्याच गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. सीटच्या पट्ट्यांचा गंज, हेडलाइटच्या आतली गाळाची रेघ, गालिच्याखालची बारीक माती बघा. यांत्रिक पंपाचं इंजिन पुरातून धुऊन-पुसून सावरतं. कॉमन रेलच्या वायरिंगमध्ये आणि संगणकात शिरलेलं पाणी दोन वर्षांनीही डोकं वर काढतं.

स्वस्त गाडी दिल्लीची असेल तर ती स्वस्त का, हे समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि तेव्हापासून नियमांची ओढाताण चालूच आहे. तिकडून येणाऱ्या गाड्यांतल्या काही खरंच चांगल्या असतात. पण फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरून हिशेब करा, आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीचं वय पंधराच्या जवळ असेल तर पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर धरा. २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली.

गाडी घरी आली की बाहेर फिरवायच्या आधी एक दिवस गॅरेजात ठेवा. इंजिन ऑईल, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कुलंट बदला. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑईल सोडून पाहा. पुढच्या डिफरन्शियलमधून दुधाळ ऑईल निघालं, तर आत पाणी शिरलेलं आहे, मग सील आणि ब्रीदरची नळी त्याच दिवशी बदलून घ्या. या सगळ्याचे पैसे गाडीच्या किमतीतून आधीच बाजूला काढून ठेवलेले असावेत.